ट्रेलरच्या नाकावरचं वजन

मुलुंडच्या बुद्धविहारासमोर त्या रविवारी सकाळी आठ वाजता जो ट्रेलर उभा होता, त्याला रीतसर चार बाजू होत्या. विहाराच्या कमिटीच्या लेखी मात्र त्याला एकच बाजू होती, मागची. कारण फीत मागच्या दाराला बांधायची होती, फोटो मागून काढायचा होता, आणि दार उघडल्यावर जे पहिलं दिसेल तेच संध्याकाळपर्यंत सगळ्यांच्या मोबाइलवर फिरणार होतं. पुढच्या बाजूला नुसता एक लोखंडी दांडा होता. दांड्याबरोबर कोणी फोटो काढत नाही.

तो दांडा, त्यामागची चौकट, दोन चाकं आणि वरची पेटी, हे सगळं कुंडलिक तायडे यांनी बांधलं होतं. कुंडलिकरावांनी भांडुप आणि मुलुंडच्या कारखान्यांत चौतीस वर्षं ट्रेलर बांधले. बुलढाण्याहून आलेला पोरगा हेल्पर म्हणून लागला आणि फोरमन म्हणून रिटायर झाला. त्यांच्या बायकोच्या, म्हणजे शांताबाईंच्या महिला मंडळाला फिरतं वाचनालय काढायचं होतं. घाटकोपरच्या डोंगरावरच्या वस्तीतल्या पोरांना पुस्तकं हवी होती आणि पोरं खाली यायला तयार नव्हती, तेव्हा पुस्तकांनीच वर जावं असं बायकांनी ठरवलं. वर्षभर दारोदार हिंडून त्यांनी पुस्तकं जमवली. कुंडलिकरावांनी ट्रेलर बांधून आरटीओत रीतसर नोंदवून घेतला. त्यांचा पुतण्या सम्यक शाळेच्या मुलांची तेरा सीटची गाडी चालवायचा. रविवारी ती मोकळी असायची. त्या गाडीला मागे हूक बसवलं. सगळं सुरळीत चाललं होतं. मग उद्‌घाटनाचा कार्यक्रम ठरला, आणि कार्यक्रम म्हटल्यावर कमिटी आली.

कुंडलिकरावांनी शनिवारी दुपारी एकेक पुस्तक हाताने लावलं होतं. जड ते खाली आणि चाकांच्या किंचित पुढे, हलकं ते वर आणि मागे. रविवारी सकाळी त्यांनी दार उघडून आत पाहिलं.

मागच्या दाराशी, अगदी उंबऱ्यावर, लाल कापडी पुठ्ठ्याचे साठ खंड छातीएवढ्या उंचीपर्यंत रचले होते. प्रत्येकाच्या पाठीवर सोनेरी अक्षरं. कोर्टाचे जुने निवाडे. वर पाटी : 'कालकथित वडिलांच्या स्मरणार्थ, ॲड. भीमराज वाघमारे यांजकडून'. पाटीच्या शेजारी इन्व्हर्टरची बॅटरी, कारण माइकची वायर तिथूनच पुरत होती. गोष्टींची पातळ पुस्तकं पुढे अंधारात ढकलून दिलेली.

"हे कोणी केलं?"

कमिटीचे अध्यक्ष देवव्रत साळवे पुढे झाले. साळवे बँकेत मोठ्या हुद्द्यावर होते. रिटायर होऊन नऊ वर्षं झाली तरी समोरच्याने अर्ज चुकीच्या खिडकीत आणला आहे अशा चेहऱ्यानेच ते बघत.

"जय भीम, कुंडलिकराव. मांडणी जरा बदलली. आधीची काही बरी दिसत नव्हती हो. दार उघडलं की काय, तर पोरांची चित्रांची पुस्तकं! वकीलसाहेबांनी एवढे खंड दिले, ते काय अंधारात ठेवायचे?"

"पोरांच्या वाचनालयात पोरांची पुस्तकं दिसली, तर बिघडलं काय?"

"शोभा असते एकेकाची."

कुंडलिकरावांनी शोभेवर बोलायचं टाळलं. ते ट्रेलरच्या पुढच्या बाजूला गेले. ट्रेलर अजून गाडीला जोडलेला नव्हता. दांडा विटांच्या थप्पीवर टेकला होता. त्यांनी वाकून एका हाताने, खरं तर तीन बोटांनी, दांडा उचलला. तो बाजारातली पिशवी उचलावी तसा वर आला.

"बघितलंत?"

"वा," साळवे म्हणाले. "या वयात अशी ताकद!"

"माझी ताकद नाही साहेब ही! वजन सगळं मागे गेलंय, म्हणून पुढचं हलकं झालंय. चाकांवरची फळी आहे ही. मागे बसलं की पुढचं टोक वर. ट्रेलरचं नाक गाडीच्या हुकावर दाबून बसलं पाहिजे. एकूण वजनाच्या दहाव्या भागाएवढं तरी. सातशे किलोचा ट्रेलर, तर सत्तर किलो. ते नसलं की रस्त्यावर शेपूट हलायला लागतं. आधी थोडं, मग जास्त, आणि मग ट्रेलर ठरवतो गाडी कुठे जाणार ते. ड्रायव्हर नुसता स्टिअरिंग धरून बसतो."

"हळू न्यायची गाडी."

"हळूच न्यायचीय. हळू नेऊनही उतार येतोच ना? रिक्षा आडवी येतेच ना?"

वकील भीमराज वाघमारे आतापर्यंत आपल्या खंडांवरची धूळ रुमालाने पुसत होते. ते म्हणाले, "तायडे, असा काही कायदा आहे का, की पुस्तकं पुढेच ठेवली पाहिजेत? कलम सांगा."

या प्रश्नाने कुंडलिकरावांच्या मस्तकात जी तिडीक गेली, तिचं वर्णन न केलेलं बरं. चौतीस वर्षांत त्यांना मालकांनी वेडा म्हटलं होतं, गिऱ्हाइकांनी कटकट्या म्हटलं होतं, पण पृथ्वी खाली ओढते याचं कलम त्यांच्याकडे कोणी मागितलं नव्हतं.

सम्यक हुकाला ग्रीस लावत होता. तो हळूच म्हणाला, "काका, टेन्शन नका घेऊ. मी तीसच्या वर जातच नाही."

"तू गप रे. तुझ्या गाडीत बारा बायका बसणार आहेत."

बसणार काय, बसल्याच होत्या. जांभळ्या काठाच्या पांढऱ्या साड्या नेसून मंडळाच्या बाराजणी साडेसातपासून गाडीत स्थानापन्न होत्या, आणि शांताबाई सगळ्यात मागच्या सीटवर, म्हणजे ट्रेलरला सगळ्यात जवळ. चेष्टामस्करी चालली होती. कोणीतरी डबा उघडला होता.

कुंडलिकरावांनी त्या खिडकीकडे पाहिलं आणि त्यांना मानखुर्दची जीप आठवली. फार जुनी गोष्ट. लग्नाच्या जीपमागे जनरेटरचा ट्रेलर बांधला होता. जनरेटर उतरवायला सोपा पडावा म्हणून मागच्या टोकाला ठेवलेला. पुलाच्या उतारावर ट्रेलर डावीकडे गेला, उजवीकडे गेला, पुन्हा डावीकडे गेला, आणि कठड्यावरून खाली. हुकाचं वेल्डिंग कुंडलिकरावांचं होतं. मालकाने सगळ्यांसमोर त्यांची पाठ थोपटली, की बघा, जोडणी तुटली नाही. जोडणी तुटली नाही म्हणूनच जीपही गेली. जीपमध्ये चौघं होते. ती शाबासकी कुंडलिकरावांना अजून झोपेत ऐकू येई.

ते घरी गेले आणि बाथरूमच्या बाहेर ठेवलेला वजनकाटा घेऊन आले.

काटा जमिनीवर ठेवला, त्यावर लाकडाचा ठोकळा उभा केला आणि दांडा ठोकळ्यावर टेकवला. सुई हलली, थोडा विचार केल्यासारखी डुलली आणि थांबली.

"नऊ," सम्यकने वाचलं आणि त्याचा चेहरा उतरला. "काका, सत्तर पाहिजे ना?"

"नऊ किलो! वाचा साहेब, तुम्हीच वाचा."

साळवेंनी चष्मा वर करून काट्याकडे पाहिलं. सुईकडे नव्हे, काट्याकडे. "हा काटा तुमच्या घरचा ना?"

"हो."

"पण हा काटा तर खोटा आहे."

"काय?"

"शांताताईच सांगतात सगळ्यांना. जयंतीला म्हणा, मीटिंगला म्हणा. आमच्या मिसेसनी मला कितीदा सांगितलंय. हा काटा आठ किलो जादा दाखवतो."

गाडीतला डबा बंद झाल्याचा आवाज आला. बाराही जणी खिडक्यांशी सरकल्या.

बायकोचं म्हणणं खोटं आहे असं चारचौघांत म्हणायची कुंडलिकरावांची प्राज्ञा नव्हती. पण हिशेब तर हिशेब होता. "आठ किलो जादा दाखवत असेल, तर नाकावर एकच किलो आहे! मग तर जास्तच वाईट!"

"तसं नाही," साळवे शांतपणे म्हणाले. "काटा बेभरवशाचा आहे, एवढाच त्याचा अर्थ. आणि बेभरवशाच्या काट्यावर कमिटीला निर्णय घेता येत नाही."

"बरोबर आहे," वकील म्हणाले. "पुरावा ग्राह्य नाही."

कुंडलिकरावांना ओरडायचं होतं, पण ओरडण्यासारखं इतकं होतं की सुरुवात कुठून करावी ते कळेना. माणसाने आयुष्यभर लोखंड समजून घ्यावं आणि शेवटी एका सुईपुढे हरावं! सम्यकने विचारलं, "मग जोडू का, काका?" आणि साळवे म्हणाले, "जोड, जोड, उशीर होतोय."

तेवढ्यात गाडीचं दार सरकलं. शांताबाई उतरल्या. त्यांनी पायातल्या चपला बाजूला काढून ठेवल्या, ठोकळा पायाने सरकवला, दांडा विटांवर घ्यायला लावला आणि काटा उचलून साळवेंच्या पुढ्यात ठेवला. मग पदर खोचून त्यावर उभ्या राहिल्या.

"वाचा, भाऊजी."

"अहो ताई, काय हे..."

"मोठ्यानं वाचा. कमिटी आहे ना तुमची? मग कमिटीला ऐकू जाऊ दे."

साळवे पुटपुटले, "एक्क्याऐंशी."

"प्रियंका!" शांताबाईंनी मान न वळवता हाक मारली. प्रियंका दवाखान्यात नर्स होती आणि गाडीत तिसऱ्या सीटवर होती. "गेल्या सोमवारी बीपी तपासायला आले होते, तेव्हा दवाखान्याच्या काट्यावर किती भरलं होतं माझं?"

प्रियंका म्हणाली, "मावशी, असू दे ना."

"सांग गं."

"एक्क्याऐंशी."

"झालं? काटा खरा आहे. खोटी मी होते." शांताबाई काट्यावरून उतरल्या. "आता ते खंड हलवा. आणि अहो, तुम्ही तोंड मिटा, माशी जाईल."

सात वर्षं झाकून ठेवलेलं एक सत्य असं रस्त्यावर मांडल्यानंतर कमिटीकडे हरकत घ्यायला जागा उरली नाही. खंड हलले. हलवले अर्थातच बायकांनी. कमिटी शेजारी उभं राहून "जपून, पुठ्ठे दुखावतील" असं सांगत होती. खंड चाकांच्या जरा पुढे, तळाला, पट्ट्याने आवळून बसवले. बॅटरी त्यांच्या शेजारी. मागच्या दाराशी पुन्हा गोष्टींची पुस्तकं. दांडा काट्यावर टेकवला तेव्हा सुई बाहत्तरवर थांबली.

मग कुंडलिकरावांनी त्यांचं नेहमीचं केलं. हुकाचा खटका बसला का ते दांडा वर ओढून पाहिलं. पिन घातली. दोन्ही साखळ्या दांड्याखालून एकमेकींवर फुली मारून अडकवल्या, म्हणजे जोडणी सुटलीच तर दांडा रस्त्यावर न पडता साखळ्यांच्या झोळीत पडेल. दिव्यांची वायर जोडून सम्यकला ब्रेक दाबायला लावला, डावा दिवा, उजवा दिवा. चारही टायरांची नव्हे, सहाही टायरांची हवा पाहिली. "दोन किलोमीटरवर थांबायचं आणि मी परत बघणार. पुढच्या गाडीपासून नेहमीच्या दुप्पट अंतर. वळताना जरा लांबून घे, ट्रेलर आतून कापतो. शेपूट हललंच तर ब्रेक मारायचा नाही, ॲक्सिलेटर सोडायचा आणि स्टिअरिंग सरळ धरायचं."

"हो काका."

"काय करायचं नाही?"

"ब्रेक मारायचा नाही."

सव्वा तास उशीर झाला होता. साळवेंनी तो घड्याळात दोनदा पाहून सर्वांना दाखवला.

कुंडलिकराव साळवेंच्या गाडीतून मागून निघाले. पुढे साळवे आणि वकील, मागे ते एकटे. सबंध रस्ताभर त्यांची नजर ट्रेलरच्या मागच्या दारावर होती. भांडुप गेलं, कांजूर गेलं. विक्रोळीच्या अलीकडे पाण्याचा टँकर इशारा न देता डावीकडून आत घुसला. सम्यकचे दिवे लाल झाले. कुंडलिकरावांनी पुढच्या सीटची पाठ घट्ट धरली. तेरा सीटची गाडी दबली, आणि ट्रेलर तिच्यामागे सरळ रेषेत, गरीब म्हशीसारखा, येऊन थांबला. टँकर गेला. गाडी पुन्हा चालू लागली.

कुंडलिकरावांनी सीटची पाठ सोडली.

"बघा," वकील मागे वळून म्हणाले, "काही झालं नाही. उगाच सव्वा तास घालवलात."

"काही झालं नाही?" कुंडलिकरावांचा आवाज चिरकला. "अहो, काही झालं नाही, कारण..."

"घाबरट स्वभाव चांगला नाही, तायडे."

कुंडलिकरावांनी नजर पुन्हा ट्रेलरच्या दाराकडे वळवली. ज्याने आग लागू दिली नाही त्याला आगीचा फोटो दाखवता येत नाही, ही त्यांची पंचाईत होती. मानखुर्दला शाबासकी मिळाली होती. इथे घाबरट.

वस्तीत कार्यक्रम झाला. फीत कापली, दार उघडलं, आणि पोरांनी गोष्टींच्या पुस्तकांवर अशी उडी घेतली की पाहुण्यांचं भाषण मधेच थांबलं. साळवेंनी माइक घेऊन सांगितलं की मुलांची पुस्तकं दर्शनी भागात ठेवण्याचा निर्णय कमिटीने फार विचारपूर्वक घेतला होता. टाळ्या झाल्या. शांताबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. नवरा आकाशाकडे पाहत होता.

दुपारी पुस्तकं देऊन-घेऊन झाली, गाडी वळवून घ्यायला ट्रेलर सोडून विटांवर टेकवला, बायका वस्तीतल्या बायकांकडे चहाला गेल्या, कुंडलिकराव टायर पाहून नळावर हात धुवायला गेले. दहा मिनिटांचं काम. परत आले तेव्हा वकिलांनी दोन माणसं लावून साठही खंड मागच्या दाराशी आणून रचले होते. समोर स्वतः उभे. साळवे मोबाइल धरून फोटो काढत होते.

"हे काय?"

"सकाळी राहिला ना फोटो," वकील म्हणाले. "वडिलांची पाटी तरी दिसायला नको?"

"काढा फोटो. मग परत ठेवा."

"आता परत कशाला? येताना काही झालं नाही, जाताना काय होणारे? रस्ता तोच, गाडी तीच."

"आणि ट्रेलर जवळजवळ रिकामा आहे," साळवे म्हणाले. "अर्धी पुस्तकं पोरांनी नेली."

"तुमच्या सकाळच्या मांडणीत पुढे होती, तीच नेली! मागे तुमचे खंड तसेच आहेत. म्हणजे पुढे सकाळपेक्षाही हलकं!"

"कुंडलिकराव, प्रत्येक वेळी तमाशा नको. सम्यक, जोड रे."

सम्यकने दांड्याला हात घातला. पण दांडा उचलायच्या आत कुंडलिकराव येऊन त्यावर बसले. अगदी नाकावर. दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून, रस्त्याकडे तोंड करून.

"उठा की."

"नाही."

"अहो, हे बरं दिसतं का?"

"सकाळपासून बरं दिसतंय काय, तेच बघतोय मी. आता नाही उठणार. जोडायचंय ना? मला घेऊन जोडा. माझं वजन चौसष्ट आहे. मी असाच बसून मुलुंडपर्यंत येतो, म्हणजे नाकावर वजन होईल तुमच्या. आणि विक्रोळीला टँकर आला, की पहिला मी जाईन. मग घ्या ठराव."

आवाज चढलेला ऐकून बायका चहा टाकून आल्या. शांताबाईंनी नवऱ्याला पाहिलं, मग मागचं दार पाहिलं. गाडीतून आपली पिशवी काढली आणि जाऊन कट्ट्यावर बसल्या.

"ताई, चला ना, उशीर होतोय."

"तुम्ही व्हा पुढं, भाऊजी. आम्ही नाही बसत."

"आम्ही म्हणजे?"

उत्तर द्यायची गरज पडली नाही. प्रियंका गाडीतून तिची पिशवी घेऊन आली. तिच्यामागे दुसरी, तिसरी. बाराजणी कट्ट्यावर ओळीने बसल्या. कोणीतरी उरलेला डबा उघडला. सम्यकने गाडीची चावी काढून खिशात टाकली आणि म्हणाला, "सर, पॅसेंजरच नाहीत, तर गाडी कशाला काढू?"

साळवेंनी वकिलांकडे पाहिलं. वकिलांनी त्या दोन माणसांना हाका मारल्या. ती फोटो झाल्याबरोबर गेली होती. मग बायकांकडे पाहिलं. एकीने लाडू तोडून अर्धा शेजारणीला दिला.

शेवटी वकीलसाहेबांनी कोट काढला. पहिला खंड उचलला तेव्हा तो किती जड असतो हे त्यांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा दिसलं; वडिलांच्या खोलीत ते खंड तीस वर्षं नुसते कपाटात उभे होते.

कुंडलिकराव दांड्यावरून उठले नाहीत. नुसती मान वळवून सांगत राहिले. "चाकाच्या पुढे. अजून पुढे. आडवे ठेवा. हां."

साळवेंनी चारपाच खंड हलवून पाठ धरली. वकील घामाने निथळत ये-जा करत राहिले. चाळीस झाले. पंचेचाळीस झाले. अठ्ठेचाळिसाव्याला ते दाराला टेकून उभे राहिले.

"तायडे, पुरे आता. थोडेच उरलेत. राहू दे ना तेवढे मागे."

"किती उरले?"

वकिलांनी बोटाने मोजले. "बारा."

"आणि कट्ट्यावर बायका किती?"

वकिलांनी तिकडेही पाहिलं. मोजलं की नाही, कळलं नाही. रुमाल काढून कपाळ पुसलं, बाह्या दुमडल्या आणि पुढचे दोन खंड एकदमच उचलले.